रुखवत

रुखवत (रुखवंत, रुकवत अशीही रूपे आढळतात) म्हणजे मराठी विवाहसोहळ्यात वधूपक्षाने सिद्ध केलेले खाद्यपदार्थ, संसारोपयोगी वस्तू व हाताने केलेल्या शोभेच्या वस्तू, तसेच त्यांची लग्नमंडपातील मांडणी होय. मुळात हा शब्द खाद्यपदार्थांपुरता होता. विसाव्या शतकात त्यात हस्तकलेचा भाग वाढत गेला आणि आज रुखवत म्हटले की प्रथम तोरणे, भरतकामाच्या चौकटी, मण्यांच्या महिरपी व विणलेले रुमाल हेच डोळ्यांपुढे येतात. लग्नानंतर या वस्तू वधूबरोबर सासरी जातात आणि नव्या घराच्या भिंती, दारे व फडताळे त्यांनी सजतात. रुखवताची चाल महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र असली, तरी प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, नामांतर २०२४) जिल्ह्याचा ग्रामीण व निमशहरी भाग विशेषत्वाने विचारात घेतला आहे.

## मूळ पद्धत

पूर्वी लग्न वधूच्या गावी होत असे आणि वऱ्हाड जानवसघरी उतरत असे. वराने मंडपाकडे निघण्यापूर्वी वधूकडील सुवासिनी वाजतगाजत खाद्यपदार्थांच्या पाट्या व ताटे घेऊन जानवसघरी जात. वर आणि त्याच्या सोबतची मुले ते पदार्थ खात, मग वर मंडपाकडे निघे. हे खाणे म्हणजे रुखवत. लाडू, करंज्या, अनारसे, शेवया, कुरडया, पापड, सांडगे यांचा त्यात समावेश असे. लाडवांचे प्रकार किती, करंज्यांची मुरड किती बारीक, शेवयांचा धागा किती लांब, याकडे वरपक्षाच्या बायकांचे बारीक लक्ष असे. म्हणजे ‘हात पाहण्याची’ वृत्ती रुखवतात आरंभापासूनच होती. पुढे ती पोळपाटावरून सुईदोऱ्यावर गेली, इतकेच.

तुळशीचे लग्न लागल्यावर विवाहाचे मुहूर्त सुरू होतात आणि शेतकरी कुटुंबांतील बहुसंख्य लग्ने सुगीनंतर, उन्हाळ्यात होतात. हाच वाळवणांचा काळ. त्यामुळे अंगणात खाटेवर कुरडया वाळत आहेत आणि ओसरीवर मुली तोरण ओवत बसल्या आहेत, असे दृश्य या जिल्ह्यातील खेड्यांत एके काळी नेहमीचे होते.

## हस्तकलेचा प्रवेश

सुईकाम महाराष्ट्रातील स्त्रियांना नवे नव्हते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, बाळंतविड्यातील कुंची व दुपटे, चोळीवरील नक्षी ही कामे घरोघर होत. मात्र केवळ भिंतीवर लावण्यासाठी किंवा मेजावर अंथरण्यासाठी काही करणे, ही कल्पना मुलींच्या शाळांबरोबर रुजली. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. त्या मिशनच्या सिंथिया फरार यांनी १८३९ पासून मृत्यूपर्यंत (१८६२) येथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनासोबत शिवण व भरतकामही शिकवले जाई. पुढे पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम हे स्त्रियांच्या अर्थार्जनाचे साधन म्हणून शिकवण्यास प्रारंभ केला.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली आणि महाराष्ट्रातील शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय आला. टाकाऊतून टिकाऊ वस्तू, कागदकाम, विणकाम, भरतकाम यांचे तास वेळापत्रकात लागले. मुलींनी शाळेत केलेल्या वस्तू वर्षअखेरीस घरी नेल्या जात व पुढे त्याच रुखवतात मांडल्या जात. कार्यानुभवाची वही आणि रुखवताची यादी यांत एका पिढीपुरते फारसे अंतर नव्हते.

## साहित्य

रुखवतातील हस्तकलेचे खरे वैशिष्ट्य तिच्या साहित्यात आहे. जिल्ह्याचे दोन स्पष्ट भाग पडतात. उत्तरेकडील संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा भाग प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा. भंडारदरा धरण (१९२६) आणि पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यांमुळे तेथे ऊस व त्याबरोबर रोख पैसा आला. दक्षिणेकडील व पूर्वेकडील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा भाग अवर्षणप्रवण, रब्बी ज्वारीचा. येथील पुष्कळ कुटुंबे हंगामात ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. पहिल्या भागातील रुखवतात दुकानातून आणलेले मणी, लोकर, मखमल लवकर दिसू लागले. दुसऱ्या भागात जे घरात शिल्लक उरे त्याचेच काही करावे लागे: फुटलेल्या बांगड्या, जुनी लुगडी, गोणपाट, रद्दी, सुपाऱ्या, नारळाच्या करवंट्या, डाळी, ज्वारीची धाटे. ही विभागणी काटेकोर नाही. नगर शहरातील कापड बाजारातून लोकर व रेशमी दोरा दूरच्या खेड्यांतही जात असे, आणि बागायती गावांतही काटकसरी घरे होतीच. पण रुखवतातील सर्वांत कल्पक वस्तू तुटवड्यातून जन्मल्या, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

## प्रमुख प्रकार

बांगड्यांच्या तुकड्यांचे तोरण. काचेची बांगडी फुटली असे सुवासिनी म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. अशा वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे डब्यात साठवून ठेवले जात. तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या किंवा चिमणीच्या ज्योतीवर तापवला की काच मऊ होते व तुकडा आपल्याच भाराने वाकू लागतो. दुसऱ्या टोकाला हलका दाब दिला की त्याचे कडे बनते. कडे पूर्ण मिटण्यापूर्वी ते आधीच्या कड्यात अडकवायचे. अशा रीतीने साखळ्या तयार होतात. त्या लांब-आखूड क्रमाने एका काडीला बांधल्या की दाराचे तोरण होते. वाऱ्याने त्याचा बारीक किणकिणाट होतो. बारीक, सपाट बांगड्या लवकर वाकतात. जाड व नक्षीच्या बांगड्या तडकतात. काजळी धरू नये म्हणून तुकडा ज्योतीच्या आत न धरता टोकाशी धरावा लागतो. लहान मुलींना हे काम देत नसत. हिरव्या बांगड्यांत अधूनमधून लाल कडी घालण्याची रीत सर्वत्र आढळते.

भरतकामाच्या चौकटी. दसुती व मॅटी ही उभ्या-आडव्या धाग्यांचे चौकोन स्पष्ट दिसणारी कापडे फुलीच्या टाक्यासाठी वापरली जातात. चौकटीच्या कागदावर चित्र उतरवून घेऊन एका चौकोनास एक फुली या हिशेबाने ते कापडावर मोजून भरले जाते. साध्या कापडावर साखळी टाका, गहू टाका, काजटाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका इत्यादी टाके घातले जातात. त्यासाठी चित्र उमटवण्याची जुनी युक्ती अशी: कागदावरील चित्राच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. रॉकेल उडून जाते, निळे ठिपके राहतात, आणि धुतल्यावर तेही जातात. एक कागद अनेक जणी वापरत, त्यामुळे एकाच गावातील दहा घरांत एकच मोर दिसे.

विषय ठरावीक असत: ‘सुस्वागतम’, जोडीचे राजहंस, पोपट, गुलाबाची परडी, ताजमहाल. हंस-दमयंतीचा विषय राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांमुळे लोकप्रिय झाला होता. चित्र पूर्ण झाले की त्यास काच व लाकडी चौकट लावली जाई. अनेक चौकटींच्या खालच्या कोपऱ्यात ‘कु.’ या उपपदासह मुलीचे माहेरचे नाव भरलेले असे. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा ज्या घरांत होती, तेथे मुलीचे पहिले नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तिन्ही बदलत. भिंतीवरची चौकट मात्र जुन्याच नावाने राही. सासरच्या घरात त्या स्त्रीचे माहेरचे संपूर्ण नाव लिहिलेली ती बहुधा एकमेव जागा असे.

क्रोशाचे विणकाम. ‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असला, तरी त्याची परिभाषा पूर्णतः मराठी झाली आहे: साखळी, मुका खांब, खांब. टोकाशी आकडा असलेल्या एकाच सुईने दोरा दुसऱ्या फासातून ओढून घेत ही वीण वाढते. मध्यभागी पाच-सहा साखळ्यांचे कडे करून त्यात खांब घालत गेले की गोल रुमाल होतो. प्रत्येक फेरीत खांब वाढवले नाहीत तर तो वाटीसारखा वर उचलला जातो, आणि गरजेपेक्षा जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही तोंडी ठेवत. एकीने विणलेला नमुना दुसरी नुसता बोटांनी चाचपून उतरवून घेई. ताटावरील रुमाल, तांब्यावरील झाकण, रेडिओचे व पुढे दूरचित्रवाणी संचाचे आच्छादन, दाराचे तोरण ही या विणीची नेहमीची रूपे होत. अननसाची नक्षी विशेष मानाची समजली जाते. धुतल्यावर रुमाल साखरेच्या किंवा साबुदाण्याच्या खळीत बुडवून, ताणून वाळवला की ताठ उभा राहतो. साखरेने मुंग्या लागतात, म्हणून जाणत्या बायका साबुदाणाच पसंत करीत.

मणीकाम. प्लास्टिकचे मणी व तंगूस बाजारात आल्यावर हा प्रकार फोफावला. तंगुसात तीन मणी ओवून चौथ्या मण्यातून दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी काढली की एक पाकळी तयार होते. पुढची पाकळी त्याच चौथ्या मण्यापासून सुरू होते. एवढ्या एका युक्तीवर ताटाभोवतीची महिरप, कलश, तुळशीवृंदावन, पोपट आणि दोन बैलांसह बैलगाडीही उभी राहते. बैलगाडीचे एक चाक वाकडे होणे हा नवशिक्या हाताचा सर्वमान्य दोष होय. जिल्ह्यातील घोडेगाव व काष्टी येथील प्रसिद्ध जनावरांच्या बाजारांतून पोळ्यासाठी गोंडे, घुंगरमाळा, कवड्यांचे पट्टे घरी येत. रुखवतातील बैलजोडीच्या गळ्यात व शिंगांवर तोच साज बारीक आकारात दिसतो. शहरी रुखवतात जेथे मोटार मांडली जाते, तेथे येथे बैलगाडी दीर्घकाळ टिकून राहिली.

कागदाच्या लगद्याच्या परड्या. रद्दी तीन-चार दिवस पाण्यात भिजवून उखळात कुटतात. त्यात मेथीचे पीठ व चिंचोक्याची खळ मिसळतात. मेथीच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही आणि तिच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो. पालथ्या घातलेल्या घागरीला किंवा पातेल्याला ओले फडके लावून त्यावर लगदा सारख्या जाडीने थापतात. सावलीत वाळल्यावर परडी अलगद सुटून येते. उन्हात घाईने वाळवलेली परडी हमखास तडकते. वरून गेरू किंवा रंग देऊन पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात. या परड्या केवळ शोभेच्या नव्हत. त्यांत कुरडया, पापड, बोरे-भुईमुगाच्या शेंगाही ठेवल्या जात.

सुपारी, नारळ आणि धान्य. सुपाऱ्यांना कापडाचे तुकडे व कापूस चिकटवून भटजी-भटजीण, नवरा-नवरी, वाजंत्री असा सगळा लग्नसोहळा बाहुल्यांतून उभा करतात. सात सुपाऱ्यांची अथवा सात छोट्या पाटांची ‘सप्तपदी’ आजही बहुतेक रुखवतांत असते. पुठ्ठ्यावर खळ लावून मूग, मसूर, तूर, साबुदाणा, मोहरी यांनी भरलेली चित्रे हा शाळेतून आलेला प्रकार. खळीत चिमूटभर मोरचूद न घातल्यास वर्षभरात त्यात टोके होतात. ज्वारीच्या धाटाची साल सोलून आतला हलका गाभा आणि सालीच्याच काड्या यांपासून मुले बैलगाड्या व पाळणे करीत. तेच कसब मोठ्यांच्या हाती गेले की धाटांचा वाडा, देव्हारा किंवा झोपडी होई. बागायती भागात उसाचे वाळलेले तुरे रंगवून फुलदाणीत लावीत.

याशिवाय लग्नपत्रिकांच्या कागदाच्या गुंडाळ्या तारेत ओवून केलेले दारापडदे, काड्यापेटीतील काड्यांची घरे, वायरच्या पिशव्या, रंगीत रिबिनींची फुले, गोणपाटावर लोकरीने भरलेली पायपुसणी अशा असंख्य वस्तू रुखवतात येत राहिल्या. थर्माकोलची मंदिरे व महाल १९९० नंतर फार वाढले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातल्यानंतर त्यांची जागा पुठ्ठा व पातळ लाकडी फळ्या यांनी घेतली. सौंदर्याच्या दृष्टीनेही यात फार मोठी हानी झाली नाही.

## मांडणी आणि गाणी

रुखवत मंडपाच्या एका बाजूस, बाकांवर किंवा मेजांवर भरजरी साडी अंथरून मांडतात. मागे दोरी बांधून तोरणे व चौकटी लावतात, पुढे खाद्यपदार्थ व बारीक वस्तू ठेवतात. मध्यभागी बहुधा गणपती अथवा तुळशीवृंदावन असते. भांडी, कपाट, पलंग, शिलाईयंत्र या मोठ्या वस्तू वेगळ्या मांडल्या जातात.

मांडलेल्या वस्तूंची ओळख करून देण्यासाठी स्त्रिया गाणी व उखाणे म्हणत. विहिणीची थट्टा हा त्यांचा मुख्य विषय. लाडू, करंजी, पापड यांचा एकेक करून उल्लेख करायचा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वरमाईला चिमटा काढायचा, अशी त्यांची घडण असते. एरव्ही वरपक्षापुढे मान खाली घालून वावरणाऱ्या वधूकडील बायकांना मोकळेपणाने बोलण्याची ही एक रूढीमान्य संधी होती. वरपक्षाच्या बायकाही तितक्याच तत्परतेने उत्तर देत. ध्वनिक्षेपक व वाद्यवृंद आल्यापासून हा भाग जवळजवळ लोपला आहे.

## करणारे हात

रुखवत एकटी वधू करीत नसे. बहिणी, मैत्रिणी, आत्या, मामी, शेजारणी यांची त्यात भर असे, आणि हा परस्परांचा उसनवारीचा व्यवहार होता. आज हिच्या लग्नासाठी तोरण विणणारीला उद्या स्वतःच्या मुलीच्या वेळी तितकेच काम परत मिळे. लग्नविधीत विधवांना मान देण्यात येत नसे. त्यांना हळदीकुंकवाला बोलावत नसत, मंडपात पुढे येऊ देत नसत. परंतु रुखवतातील वस्तू करताना त्यांचे हात चालत असत, आणि कित्येक घरांत विणकामातील जाणती म्हणजे एखादी विधवा आत्याच असे. तिने केलेला रुमाल मंडपात मधोमध असे आणि ती स्वयंपाकघरात.

रुखवताची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मुलीची शाळा थांबवून तिला ‘रुखवताला बसवण्याचा’ प्रघात ग्रामीण भागात दीर्घकाळ होता. सातवीनंतर गावात शाळा नाही, बाहेरगावी पाठवायचे नाही, आणि लग्न ठरेपर्यंत घरी आहेच तर भरतकाम करील, असा तो हिशेब. रुखवतातील पुष्कळशा सुबक चौकटींमागे अशी अर्धवट सुटलेली शाळा आहे. हंगामात स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील मुलींना तर बहुधा दोन्ही मिळाले नाही. कोपीवरच्या संसारात चौकट लावायला भिंत नसते.

## रुखवत आणि हुंडा

रुखवत व हुंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांच्यातील रेषा पुसट होऊ शकते. हुंडा प्रतिबंध अधिनियम, १९६१ अन्वये हुंडा देणे, घेणे व मागणे हा गुन्हा आहे. कोणतीही मागणी न करता वधूस दिलेल्या भेटवस्तूंना कायद्याने अपवाद केला आहे. मात्र त्यांची यादी ठेवणे आवश्यक असून त्यासंबंधीचे नियम १९८५ मध्ये करण्यात आले. वस्तूंचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व वधूशी असलेले नाते या यादीत नमूद करावयाचे असते आणि त्यावर वधू-वरांनी स्वाक्षरी करावयाची असते. व्यवहारात अशी यादी फारच थोडी कुटुंबे करतात.

वधूला मिळालेल्या वस्तू हे तिचे स्त्रीधन होय. सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात (१९८५) स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी राहते व सासरची माणसे ते केवळ विश्वस्त म्हणून सांभाळतात, असा निर्णय दिला. त्यामुळे रुखवतातील पितळी घागरीपासून क्रोशाच्या रुमालापर्यंत सर्व वस्तू कायद्याने वधूच्याच असतात.

हाताने केलेल्या रुखवतात दिखाऊपणाला एक नैसर्गिक मर्यादा होती, ती म्हणजे वेळेची. मोठा मेजपट विणायला महिने लागतात आणि ते पैशाने वाढत नाहीत. फ्रीज, धुलाई यंत्र, दुचाकी या वस्तू रुखवत म्हणून मांडल्या जाऊ लागल्यावर ती मर्यादा राहिली नाही. वरपक्षाने ‘आम्हाला काही नको, फक्त रुखवत चांगले करा’ असे सांगण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा अर्थ वधूपित्याला बरोबर कळतो. कायद्याच्या भाषेत ही मागणीच होय.

## लग्नानंतर

सासरी आल्यावर रुखवतातील वस्तूंची लगेच वाटणी होते. तोरण दाराला लागते, चौकटी ओसरीच्या किंवा माजघराच्या भिंतीवर जातात, रुमाल सणावारी निघतात, मण्यांची महिरप गौरी-गणपतीत व पाहुण्यांच्या पंगतीत ताटाभोवती मांडली जाते. भाद्रपदात गौरींच्या आरासीत रुखवतातील बाहुल्या, बैलगाडी व फळांच्या परड्या पुन्हा एकदा मांडण्याची रीत आहे. त्या निमित्ताने शेजारणींना त्या पाहता येतात. गोधडी तेवढी रोजच्या वापरात पडते व सर्वांत आधी झिजते.

मातीच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे आली तेव्हा अनेक चौकटी उतरल्या आणि परत लागल्या नाहीत. जुन्या घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. परंतु दसुतीवरील राजहंस किंवा बांगड्यांचे तोरण अद्याप जुन्या वस्तूंत मोडत नाही आणि नव्यांतही बसत नाही, त्यामुळे ते बहुधा माळ्यावर जाते.

## आजचे स्वरूप

तयार रुखवत विकत किंवा भाड्याने देण्याचा व्यवसाय आता शहरांप्रमाणे तालुक्यांच्या गावीही चालतो. मंगल कार्यालयात सकाळी मांडलेले रुखवत संध्याकाळी उचलून दुसऱ्या लग्नाला जाते. भाड्याच्या रुखवतात खाद्यपदार्थही कृत्रिम असू शकतात. दुसरीकडे, महिला बचत गटांतील स्त्रिया तोरणे, महिरपी व सप्तपदीचे संच करून विकतात. या व्यवहारात विणणारीला प्रथमच तिच्या कामाचे पैसे मिळू लागले. घरच्या रुखवतात तो प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता.

नमुने आता भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून पाहून केले जातात. ‘एकाच गावात एकच मोर’ ही स्थिती त्यामुळे गेली, पण सर्व महाराष्ट्रात एकच मोर दिसू लागला आहे. शिक्षण व नोकरी करणाऱ्या मुलींना स्वतः रुखवत करण्यास वेळ नसतो आणि अनेकींना त्याची आवड किंवा गरजही वाटत नाही. नोंदणी पद्धतीच्या व सामुदायिक विवाहांत रुखवत बहुधा नसतेच. ज्या घरांत ते अद्याप हाताने होते, तेथे करणारी पुष्कळदा वधूची आई अथवा मावशी असते.

## निगा

जुन्या वस्तू टिकवण्यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. भरतकामाची चौकट थेट उन्हात लावू नये. लाल व जांभळा दोरा सर्वांत आधी उडतो. काच व कापड यांत पुठ्ठ्याची बारीक पट्टी घालून अंतर ठेवल्यास पावसाळ्यात बुरशी धरत नाही. क्रोशाचे रुमाल खळ घालून घडी करून ठेवू नयेत, घडीवर दोरा तुटतो. खळ काढून, गुंडाळी करून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेवावेत. तंगूस काही वर्षांनी कडक होऊन तुटते, म्हणून महिरपीचे मणी सांभाळून ठेवून नव्या तंगुसात ओवून घेता येतात. बांगड्यांचे तोरण धुताना दोघींनी दोन टोके धरावीत आणि ते बादलीत न टाकता वरून पाणी ओतावे. एखादे कडे निखळल्यास त्याच रंगाच्या तुकड्याने सांधता येते, फक्त त्यासाठी वाढलेल्या बांगड्यांचा डबा घरात असावा लागतो.